चकली कितीला विकायची? घरगुती उद्योगासाठी भाव काढण्याची रीत, आकड्यांसकट

घरून फराळ विकणाऱ्या कुणालाही विचारा, भाव कसा ठरवलात? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘समोरच्या सोसायटीतल्या काकू साडेतीनशेने देतात, म्हणून मी सव्वातीनशे लावले.’ काकूंनी तो साडेतीनशेचा आकडा कुठून आणला हे कुणी विचारत नाही. त्यांनीही तो आणखी कुणाचा तरी बघूनच लावलेला असतो. या साखळीत पहिलीने स्वतःची मजुरी धरली नसेल, तर तिच्यामागच्या सगळ्याजणी निम्म्या मजुरीवर राबतात आणि धंदा बरा चाललाय असंही म्हणतात.

दुसरं नेहमीचं उत्तर, ‘सामानाच्या दुप्पट.’ ऐकायला भक्कम वाटतं. ओळखीच्या चार घरांत माल जातोय तोवर ते चालूनही जातं. कोपऱ्यावरचा दुकानदार ‘आमच्याकडे ठेवा की, ताई’ म्हणतो आणि त्याला द्यायचा वाटा कुठून काढायचा हे कळत नाही, तेव्हा त्यातली गोम लक्षात येते.

माझं म्हणणं असं की भाव उलटा काढावा. पाकिटावर जी एमआरपी छापायची तिथून मागे मोजत यायचं: दुकानदार, कर, पोचवणं, परत आलेला माल, मग आपला खर्च. आणि हा पूर्ण भाव पहिल्याच दिवसापासून लावायचा, दुकानात माल ठेवायचा विचार आज डोक्यात नसला तरी. आधी स्वस्त विकून नंतर हे सगळे वाटे त्यात बसवायला गेलात, तर ते बसत नाहीत.

पुढे भाजणीच्या चकलीचं एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. रुपयांचे आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमच्या गावचे घाला. मसाला, लोणचं, पुरणपोळी, उटणं, काहीही विकत असाल तरी गणित हेच.

पहिलं काम: एक खेप तोलून काढा

अंदाज नको, वजनकाटा हवा. एक पूर्ण खेप नेहमीसारखी करा आणि प्रत्येक गोष्ट आत जाताना आणि बाहेर येताना तोला. समजा पाच किलो भाजणीची खेप आहे. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने, जिरे हे सगळं धुऊन, वाळवून, भाजून, दळून आणेपर्यंत ५०० रुपये झाले. तीळ, तिखट, ओवा, हळद, मीठ मिळून १५०.

तेलाचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. कढईत ओतलेलं तेल म्हणजे खर्च झालेलं तेल नव्हे, आणि चकलीने प्यायलं तेवढंच खर्च झालं असंही नाही. मोहनाला घातलेलं, चकलीने शोषलेलं आणि शेवटी कढईत काळं पडून टाकून द्यावं लागणारं, हे तिन्ही धरायचं. सुरुवातीला काढलेलं तेल तोला, शेवटी पुन्हा वापरण्याजोगं उरलेलं तोला, मधला फरक तो खर्च. आणखी एक खाचखळगा म्हणजे लिटर आणि किलो. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, आणि आता बाजारातल्या सगळ्या पिशव्या एका मापाच्याही राहिलेल्या नाहीत. पिशवी उचलून ‘एक’ मोजू नका, तिच्यावरचे ग्रॅम वाचा. आपल्या खेपेला दोन किलो तेल लागलं, १५० रुपये किलोने ३००.

म्हणजे सामान झालं ९५० रुपयांचं. आता बाहेर काय आलं ते बघा. गार झालेली चकली तोलली तर ६ किलो ८०० ग्रॅम भरली. सोऱ्यातून पाडताना तुटलेली, झाऱ्यावरून काढताना मोडलेली, शेवटच्या घाण्यात जरा जास्तच लाल झालेली बाजूला काढली की विकण्याजोगी साडेसहा किलो. तुकडे घरात खाल्ले जातात, शेजारी वाटले जातात, म्हणून ते वाया गेले असं वाटत नाही. हिशेबात मात्र ते गेलेच. साडेसहा किलोची पाव किलोची २६ पाकिटं होतात आणि सगळा खर्च या २६ पाकिटांनीच उचलायचा असतो.

एका खेपेवर विसंबू नका. पावसाळी दमट हवेत आणि कडक उन्हात तीच भाजणी वेगळं पाणी धरते, नवखा हात असेल तर तूट वाढते. दोनतीन खेपांची सरासरी काढा.

मजुरी: हीच जागा जिथे सगळं बिघडतं

वहीत सामानाचा पैन् पै लिहिलेला असतो आणि मजुरीची ओळच नसते. ‘घरचंच तर आहे, मजुरी कसली?’ पण भाजणी धुण्यापासून पाकिटं सील करेपर्यंत दोघींचे सहा-सहा तास गेले, म्हणजे बारा तास. तासाला काय धरायचं याची कसोटी सोपी आहे: उद्या तुमचा हात भाजला तर बाहेरून कुणाला किती देऊन बोलवाल? तो दर धरा. आपण ६० रुपये धरू. १२ तासांचे ७२०.

लिज्जत पापडाचं उदाहरण इथे घेण्यासारखं आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यातली घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तिथे भगिनी पीठ घरी नेतात, पापड लाटून आणतात आणि लाटलेल्या वजनावर त्यांना किलोमागे मजुरी मिळते. तिला ‘वणाई’ म्हणतात. ती संस्थेच्या मालक असलेल्या बायकांनाच मिळते, तरीही ती नफ्यातून द्यायची रक्कम समजली जात नाही, पिठामिठासारखा खर्च म्हणून आधी मोजली जाते. नफा झाला तर तो त्यानंतरचा. घरी एकट्याने करत असलात तरी स्वतःला वणाई द्या आणि ती वहीत लिहा.

न लिहिल्यावर काय होतं ते बघा. सामान ९५०, चकली ६.८ किलो, म्हणजे किलोला १४० रुपये. दुप्पट केले, २८० रुपये किलो, पाव किलोला ७०. बाकीचे खर्च खाली येतातच, ते वजा केल्यावर या भावात २६ पाकिटांतून दोघींच्या बारा तासांसाठी तीनशेच्या आसपास उरतात. तासाला पंचवीस रुपये! समोरच्या काकूंच्या भावापेक्षा कमी म्हणून लावलेल्या सव्वातीनशेतही तासाला पन्नासच्या वर मजुरी सुटत नाही, आणि नफा तर त्यात कुठेच नाही.

वरखर्च, थोडक्यात

गॅस, पाकिटं आणि लेबलं खेपेवर मोजता येतात. धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलेंडरच वापरायचा असतो, घरगुती वापराचा चालत नाही. म्हणून हिशेबही त्याच्याच भावाने करा, नाहीतर पुढे नियमात यायची वेळ आली की भाव कोसळतो. खेपेला ११० रुपयांचा गॅस धरू. पाकीट आणि लेबल ६ रुपये, २६ चे १५६.

महिन्याचे खर्च वेगळे: वीज, फोन, जागेचं भाडं किंवा त्याचा वाटा, सामान आणायला रिक्षा, अन्न नोंदणीचं शुल्क, मिक्सर-सोऱ्या-कढईची झीज, प्रदर्शनातल्या टेबलाचं भाडं. हे महिन्याला ६,००० धरले आणि महिन्यात २० खेपा होत असतील तर खेपेला ३००. दहाच खेपा झाल्या तर तोच बोजा ६०० होतो आणि पाकिटामागे साडेअकरा रुपये वाढतात. म्हणून इथे दिवाळीच्या महिन्यातल्या खेपा मोजू नका. वर्षभराच्या खेपा मोजा आणि बाराने भागा.

आता बेरीज:

भाजणी दळणासकट ५००
तेल ३००
तीळ, तिखट वगैरे १५०
गॅस ११०
पाकिटं, लेबलं १५६
मजुरी ७२०
वरखर्च ३००
एकूण २,२३६

भागिले २६, पाकीट आपल्याला पडलं ८६ रुपयांना. किलोला ३४४. नफा अजून एक रुपयाही धरलेला नाही.

दुकानदाराचे वीस टक्के कशावर?

पाकीट ८६ ला पडतं, ११० ला विकलं तर २४ रुपये सुटतात. घरून विकताना हे छान वाटतं. मग दुकानदार येतो आणि म्हणतो, ‘आम्हाला वीस टक्के द्या.’ मनात हिशेब होतो: ८६ चे वीस टक्के म्हणजे सतरा, देऊन टाकू. पण तो वीस टक्के मागतोय एमआरपीवर. ११० चे वीस टक्के २२. तुमच्या हातात ८८ येतात आणि पाकिटामागे उरतात दोन रुपये. त्यात माल पोचवायचा रिक्षाखर्च आणि न खपलेली पाकिटं परत घ्यायची.

दुकानदार, वितरक, ऑनलाइन कंपनी, सगळ्यांशी बोलताना पहिला प्रश्न हाच विचारा: टक्के कशावर धरताय, आमच्या भावावर की एमआरपीवर? एमआरपीवरचे वीस टक्के म्हणजे तुमच्या भावावर पंचवीस. एमआरपीवर तेहतीस टक्के दिले तर तुमच्या भावावर ते जवळजवळ पन्नास होतात.

आता उलटं गणित. ८६ मध्ये पोचवण्याचे ३ आणि परत येणाऱ्या मालाचे ३ मिळवा. (शंभरातली तीन पाकिटं परत आली तर त्यांचा खर्च बाकीच्या सत्त्याण्णवांवर पडतो, तो हा.) त्यात हवा तो नफा मिळवा, समजा १५. झाले १०७. त्यावर ५ टक्के जीएसटी, ११२ आणि काही पैसे. दुकानदाराचे वीस टक्के एमआरपीवर आहेत, म्हणून ०.८० ने भागा. एमआरपी आली १४०.

भागायचं, गुणायचं नाही. ११२ ला वीस टक्क्यांनी वाढवलं तर १३४ येतात, तिथे पाकिटामागे जवळजवळ पाच रुपये नकळत दुकानदाराकडे जातात. महिन्याला ५२० पाकिटं (२० खेपांची) असतील तर अडीच हजारांच्या आसपास.

मधे वितरक आला आणि त्याने आपल्या खरेदीवर आठ टक्के मागितले तर दुकानदाराला ११२ ला जाणारं पाकीट वितरक तुमच्याकडून १०३ रुपये ७० पैशांना उचलतो. जीएसटी काढला की पावणेनव्व्याण्णव. पोचवणं आणि परतीचे सहा वजा केले की हातात सातच्या आसपास नफा. हे वाईटच आहे असं नाही, वितरक चाळीस दुकानं एकदम देऊ शकतो. पण एमआरपी ११० असती तर त्याच्याशी बोलणंसुद्धा शक्य नव्हतं.

उधारीचंही यातच धरा. दुकानदार महिनाभराने पैसे देणार असेल तर तोवर भाजणीचे आणि तेलाचे पैसे तुमचे अडकलेले असतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद, करून ठेवा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावं लागतं, आणि २०२३-२४ पासून मुदतीत न चुकवलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला कायदा ऐकवून उपयोग नाही. मोठं दुकान किंवा भेटवस्तूंच्या ऑर्डरी देणारी कंपनी असेल तर बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा, त्यांचा हिशेबनीस आपोआप लवकर हलतो.

ऑनलाइन विकताना कमिशनवर आणखी १८ टक्के जीएसटी लागतो हे विसरू नका. कमिशन २५ टक्के असेल तर १४० मधून ३५ नव्हे, ४१ रुपये ३० पैसे जातात. कुरिअरचा घोळ वेगळाच. चकली हलकी पण जागा खाणारी. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात, हे कुरिअरवाल्यांचं आकारावरचं वजन. खरं वजन आणि हे, यात जे जास्त असेल त्याचे पैसे. ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात चकली दीड किलो मावली तरी बिल तीन किलोचं येतं. ‘डिलिव्हरी फ्री’ लिहिण्यापूर्वी एक खोकं खरंच भरून मोजा.

कर आणि लेबल

मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. आपल्या उदाहरणातल्या ५२० पाकिटांची उलाढाल वर्षाला नऊ लाखांच्याही आत येते. मग वर पाच टक्के का धरले? कारण नोंदणी करावी लागायला चाळीस लाखच लागतात असं नाही. बेळगावच्या किंवा इंदूरच्या दुकानाने माल मागवला की तो परराज्यात गेला, आणि करपात्र माल परराज्यात विकायला उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. त्या दिवशी एमआरपी वाढवायची नसेल तर जागा आधीच सोडलेली बरी. नोंदणी होईपर्यंत ते पाच रुपये तुमचेच. बंद पाकिटातल्या नमकीनवर, म्हणजे चकलीसारख्या खाऱ्या पदार्थांवर, आधी १२ टक्के कर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला, त्यामुळे आता ही जागा ठेवणं तुलनेने सोपं आहे. महाराष्ट्रातच विकणार असाल तर कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी पद्धत) उत्पादकाला उलाढालीच्या एक टक्का भरून सुटका मिळते, पण तिथे गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि खरेदीवरच्या कराचा परतावाही नाही. कुठलं सोयीचं ते हिशेबनिसाकडून एकदा आकड्यांवर तपासून घ्या.

लेबलावर एमआरपी सर्व करांसहित छापायची. तिच्यावर एक रुपया जास्त घेता येत नाही, कमी घेता येतो. म्हणून छापताना संकोच केला तर नंतर वाट बंद होते. आता किलोच्या आतल्या पाकिटांवर ग्रॅममागची किंमतही लिहावी लागते. १४० रुपयांच्या पाव किलोवर ती येते प्रति ग्रॅम ५६ पैसे. गिऱ्हाईक हा आकडा आता शेजारच्या पाकिटाशी ताडून बघू शकतं, त्यामुळे वजन गुपचूप कमी करून भाव तोच ठेवण्याची युक्ती पूर्वीइतकी लपत नाही.

एवढे पैसे लोक देतील का?

आतापर्यंत निघाला तो आपल्याला परवडणारा भाव. खर्चाने फक्त तळ कळतो. गिऱ्हाईक कुठवर येईल ते बाजारात उतरूनच कळतं.

‘चकलीला किती द्याल?’ असं ओळखीच्यांना विचारू नका. तोंडदेखलं उत्तर मिळतं, आणि तेही कमीचं. त्याऐवजी जिथे विकायचं तिथल्या फळीवर आज काय आहे ते बघा. पुण्यात असाल तर चितळे, काका हलवाई यांचा भाव, मुंबईत दादर-गिरगावातल्या फराळाच्या दुकानांचा भाव, तुमच्या तालुक्यात असेल तो. तीनचार पाकिटं विकत आणा आणि ग्रॅममागचा भाव, घटक पदार्थांची यादी, तेल कुठलं, हे एका कागदावर मांडा. पामतेलातली तांदूळ-मैद्याची चकली आणि शेंगदाणा तेलातली भाजणीची चकली यांची तुलना गिऱ्हाईक आपण होऊन करत नाही, ती तुम्ही लेबलावर आणि बोलण्यातून करून द्यायची.

टेबलावर हे संभाषण ठरलेलं असतं.

‘काकू, तिकडे तर चारशेने मिळते.’

‘मिळते ना. ही खाऊन बघा आधी.’ एक तुकडा हातात ठेवायचा. ‘भाजणी घरची आहे, तेल शेंगदाण्याचं. महिनाभर राहू दे, खवट वास येणार नाही.’

एवढंच. ‘परवडत नाही हो’, ‘तेल किती महागलंय’ असली गाऱ्हाणी नकोत. आपला खर्च ही गिऱ्हाइकाची अडचण नव्हे, त्याला काय मिळतंय तेवढं सांगा. आणि प्रदर्शनात दिवसभर कुणीच भावावरून हुज्जत घातली नाही, तर खुश होऊ नका. बहुधा भाव कमी लावलाय. पाचातली एखादी बाई भाव विचारून पुढे जात असेल तर तो ठिकाणावर आहे असं मी समजते.

भाव कुणाला बोचत नाही हेही शोधा. परदेशातल्या मुलाला फराळ पाठवणाऱ्या आईला कुरिअरचाच खर्च चकलीपेक्षा जास्त येतो. तिला वीस रुपये स्वस्त नको असतं, न मोडता पोचणारी चकली हवी असते. तिच्यासाठी कडक डब्यात रचून भरलेलं, सील केलेलं वेगळं पाकीट करा आणि भावही वेगळा ठेवा. दिवाळीत कर्मचाऱ्यांना भेट देणाऱ्या कंपनीला तारीख पाळली जाणं महत्त्वाचं, तिथे आगाऊ निम्मे पैसे आणि वेळेची हमी या दोन्ही गोष्टी एकदम बोला.

१४० खरंच जड जात असेल तर नफा खरवडण्याआधी खर्चाकडे वळा. मजुरी सगळ्यात मोठी ओळ आहे, पाकिटामागे जवळजवळ २८ रुपये, तेल साडेअकराच. तरी सगळ्याजणी तेलाचे पाच रुपये वाचवायला गावभर फिरतात! २४,००० रुपयांच्या यंत्राने बारा तासांचे आठ झाले तर खेपेला २४० वाचतात, म्हणजे शंभर खेपांत, पाच महिन्यांत यंत्र फिटलं. दुसरी वाट पाकीट लहान करण्याची. २०० ग्रॅमला हेच गणित केलं तर एमआरपी ११५ च्या आसपास येते. ग्रॅममागे किंचित महाग, पण हातातून निसटणारी नोट एकशेचाळीसची नसते. मोठ्या कंपन्या पाच आणि दहा रुपयांचं पाकीट सोडत नाहीत ते याचसाठी. भाव हलवायचा नाही, आतलं वजन हलवायचं. मात्र त्यांच्या पाच रुपयांच्या पाकिटाशी तुम्ही स्पर्धा करू नका. ते कारखान्याचं गणित आहे, हाताने पाडलेली चकली त्यात बसत नाही.

सूट, आणि ओळखीचं गिऱ्हाईक

दुकानात १४० आणि घरून ११२, असं करू नका. दुकानदाराला आठवड्यात कळतं आणि तुमचं पाकीट खालच्या फळीवर जातं. घरून विकतानाचे जास्तीचे २८ रुपये फुकटचे नाहीत. फोन घेणं, चवीची चौकशी ऐकणं, संध्याकाळी डबा नेऊन देणं, हे दुकानदाराचंच काम तुम्ही करता.

सूट देण्याआधी एक आकडा मांडून बघा. घरून १४० ला विकताना (जीएसटी नोंदणी नसेल तर) पाकिटामागे ५४ उरतात. दहा टक्के सूट म्हणजे १४ रुपये गेले, उरले ४०. तेवढेच पैसे मिळवायला आता पस्तीस टक्के जास्त पाकिटं विकायला हवीत, म्हणजे पाडायला आणि तळायलाही हवीत. दिवाळीच्या आठवड्यात, जेव्हा कढई रिकामी मिळत नाही, तेव्हा सूट कसली?

ओळखीच्यांची गोष्ट नाजूक असते. ‘आपल्यात कसले पैसे’ म्हणणारी आत्येबहीण आणि ‘आम्हाला तरी कमी लाव गं’ म्हणणारी मैत्रीण दोघीही जवळच्या. भाव कमी केला की पुढच्या वर्षी तोच भाव हक्काचा होतो. त्याऐवजी पाकिटाबरोबर तुकड्यांची पुडी द्या. नाहीतरी खेपेला तीनशे ग्रॅम तुकडे निघतातच, त्यांचा खर्च २६ पाकिटांत आधीच भरलाय. बहिणीला पुडी मिळते, भाव जागेवर राहतो.

भाव वाढवायची वेळ

१४ सप्टेंबर २०२४ ला, ऐन गणपतीत, केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के आणि शुद्ध तेलावरचं साडेबारावरून साडेबत्तीस टक्के केलं. दिवाळी दीड महिन्यावर होती. ज्यांनी श्रावणातच दिवाळीच्या ऑर्डरी ठरलेल्या भावाने घेऊन आगाऊ पैसेही स्वीकारले होते त्यांची पंचाईत झाली. पण घाबरायच्या आधी पाकिटावर आणून बघा: खेपेला तेल दोन किलो. किलोमागे २५ रुपये वाढले तरी खेपेला ५०, पाकिटाला दोन रुपये. एवढ्यासाठी लेबलं बदलायची गरज नाही. उलट मजुरीचा दर ६० चा ७० झाला तर पाकिटाला साडेचार रुपयांवर फरक पडतो, आणि त्याची बातमी कुठे छापून येत नाही.

म्हणून वहीत एक पान करून ठेवा: तेल दहा रुपयांनी, हरभऱ्याची डाळ दहा रुपयांनी, मजुरी दहा रुपयांनी, गॅस शंभर रुपयांनी वाढला तर पाकीट किती पैशांनी हलतं. दर तीन महिन्यांनी सध्याचे भाव त्यात घाला. एकूण फरक पाच रुपयांच्या आत असेल तर गप्प राहा, पाचाच्या वर गेला की पुढच्या छपाईला एमआरपी बदला. दिवाळीच्या तोंडावर वाढवू नका. गणपती झाले की पितृपक्षात नवा भाव जाहीर करा, तेव्हा बाजारही थंड असतो आणि दिवाळीच्या ऑर्डरी नव्या भावानेच सुरू होतात. ऑर्डर घेताना पावतीवर मुदत लिहा: ‘हा भाव अमुक तारखेपर्यंत नोंदवलेल्या मालाला.’ दुकानदारांना पंधरा दिवस आधी सांगा म्हणजे ते जुन्या भावाचा थोडा माल भरून घेतील. त्यांना तेवढा फायदा मिळू द्या.

गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन ओळी पुरतात: ‘नमस्कार. एक ऑक्टोबरपासून भाजणीची चकली पाव किलो १५० रुपये. आधी नोंदवलेल्या ऑर्डरी जुन्या भावानेच मिळतील.’ तेल, डाळ, महागाई, दिलगिरी यातलं काहीही लिहू नका. लिहिलंत की खाली चर्चा सुरू होते, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी तेल उतरल्याची बातमी गटावर टाकतं.